पावसाळ्यातलं अंतर : चौदा शाळा आणि एका आमदाराची पाच वर्षं

या प्रकरणात मी बाजूला उभा राहून पाहणारा नव्हतो. ज्या तालुक्यात हे घडलं तिथे मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा, होतो. बंद करायच्या शाळांची माहिती वर गेली तेव्हा त्यावर माझीही सही होती, आणि पुढे त्याच शाळांच्या वाटा मी पायी मोजल्या. तालुका, गावं आणि माणसं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत, ओळख पटेल अशा एकदोन खुणाही बदलल्या आहेत. आमदारांना सगळा तालुका दादा म्हणायचा, म्हणून इथेही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

तालुका घाटमाथ्याचा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला धरणाचा फुगवटा. महसुली गाव कागदावर एक असलं तरी त्याच्या पाच-सहा वाड्या असतात आणि त्यांच्याही वर, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, धनगरवाडे. कर्ती माणसं मुंबईला. घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. दरवर्षी दोन-चार घरांना कुलूप लागतं आणि शाळेचा पट तेवढ्यानं उतरतो.

इथल्या बऱ्याच शाळा वस्तीशाळा म्हणून सुरू झालेल्या. २०००-०१ च्या सुमारास ती योजना आली. वाडीतलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी अगदी तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक व्हायची, आणि समाजमंदिरात किंवा कुणाच्या पडवीत वर्ग भरायचा. पुढे या वस्तीशाळांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. यादीतल्या चौदापैकी सहा शाळा अशा होत्या. त्यांच्या भिंती गावकऱ्यांनी श्रमदानानं उभ्या केल्या होत्या, हे पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवायला हवं.

कायदा या मुलांच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. पण हे अंतर कुठल्या वाटेनं मोजायचं, कुठल्या ऋतूत मोजायचं, याचा आम्ही कुणी कधी विचारच केला नव्हता.

शिक्षणात वाडीचा नंबर शेवटी लागतो हे आजचं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं आणि ते फेटाळलं गेलं. मग मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी स्वतः विधेयक मांडून १९१८ चा कायदा करून घेतला. एका सदस्यानं चिकाटीनं करून घेतलेलं हे मोठं काम. पण तो कायदा नगरपालिकांपुरता होता. ग्रामीण भागापर्यंत ती तरतूद पोचायला १९२३ चा कायदा यावा लागला.

दादा २०१४ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि सत्ताधारी बाकावर बसले. शिक्षणाची त्यांना मनापासून ओढ होती, त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावोगाव डिजिटल शाळांची लाट उठली. दादांनीही शाळांना टीव्ही आणि संगणक मिळवून दिले, उद्घाटनं झाली. २०१७ च्या उन्हाळ्यात मी माझ्या केंद्रातले संच मोजले. अकरापैकी चार चालू होते. उरलेल्या शाळांची वीज बिल थकल्यामुळे तोडलेली. सादिल, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचं अनुदान, वेळेवर येत नाही, आलं तर खडू, रजिस्टरं आणि डागडुजीत संपतं. बिल भरायचं कुणी? मी हा आकडा दादांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. पुढे त्यांनी जे केलं त्याची सुरुवात तिथे झाली, असं मला वाटतं.

अडचण

डिसेंबर २०१७ मध्ये राज्यभरातल्या दहापर्यंत पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत समायोजित करायचा निर्णय झाला. आमच्या तालुक्यातल्या चौदा शाळा यादीत आल्या. यादी एका पानाची. शाळेचं नाव, पट, समायोजनाची शाळा, अंतर. अंतराच्या रकान्यात कुठेही १ च्या वरचा आकडा नव्हता. ते नकाशावरचं सरळ अंतर होतं. डोंगर, ओढा, फुगवटा यातलं त्यात काहीच नव्हतं. ती माहिती माझ्या टेबलावरून गेली होती आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. पण वरून आलेल्या रकान्यात वरून आलेला आकडा आहे म्हणून मी सही केली. ही माझी चूक.

त्याच वेळी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शाळा बंद नको म्हणणं सोपं आहे. चार मुलांची शाळा आतून कशी असते ते मी वीस वर्षं पाहिलं आहे. एक पहिलीत, दोन तिसरीत, एक चौथीत. तिसरीतल्या दोघांना निदान एकमेकांची सोबत, पण पहिलीतलं पोर दिवसभर एकटं. खेळायला गडी नाही, पाढे म्हणायला जोडीदार नाही. गुरुजी एकच आणि ते महिन्यातून कितीतरी दिवस माहिती भरायला, प्रशिक्षणाला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेलेले. गुरुजी रजेवर तर शाळा बंद. अशा शाळेतून चौथी होऊन आलेली काही मुलं पाचवीत धड वाचू शकत नव्हती, आणि काही अतिशय हुशार निघाली. सगळं त्या एका शिक्षकावर. म्हणून शाळा एकत्र करण्याच्या कल्पनेतच दोष आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे घोळ झाला तो अंतराच्या रकान्यात.

समोरचे पर्याय

यादी बाहेर पडली त्याच आठवड्यात दादांच्या कार्यालयात बैठक झाली. कार्यकर्ते तापले होते. पंचायत समितीला टाळं ठोकायचं, रास्ता रोको करायचा. यात अडचण दुहेरी होती. दादा सत्तेतले, स्वतःच्या सरकारच्या निर्णयाविरुद्ध रस्त्यावर उतरणं पक्षाला रुचणारं नव्हतं. शिवाय ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ असं एकदा जाहीर बोललं की ज्या शाळांत खरोखर समायोजन मुलांच्या हिताचं होतं तिथेही मागे फिरता येणार नव्हतं.

दुसरं मत होतं यादी मान्य करून गाडीची सोय मागण्याचं. दूर पडणाऱ्या मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. पण भत्ता वर्षाच्या शेवटी येतो, वडापवाला म्हणजे खाजगी जीपवाला पैसे महिन्याला मागतो, आणि निम्म्या वाड्यांपर्यंत गाडीची वाटच नव्हती. तिसरं मत, मुलांना निवासी शाळेत घालावं. हे बोलणाऱ्या गृहस्थांना बैठकीत चहा देणाऱ्या मावशींनी विचारलं, “सहा वर्षांचं पोर आईशिवाय झोपतं का?” तो विषय तिथेच संपला.

आणखी एक सूचना अशी की दादांनी स्थानिक विकास निधीतून या शाळांना नव्या खोल्या द्याव्यात. चांगली इमारत दिसली की पट वाढेल, असा हिशेब. पण वाडीत मुलंच सात असतील तर खोलीनं ती आठ होत नाहीत. या निधीचा नियमही समजून घ्यायला हवा. त्यातून टिकाऊ बांधकाम करता येतं, पगार किंवा दर महिन्याचा खर्च भागवता येत नाही. खोली बांधता येते, शिक्षक नेमता येत नाही, वीजबिल भरता येत नाही. आमच्या बंद टीव्हींनी हे आधीच शिकवलं होतं.

शेवटी दादा म्हणाले, “चौदा शाळा म्हणजे चौदा वेगवेगळी प्रकरणं आहेत. आपण एकेक बघू.” कार्यकर्त्यांना हे पिळपिळीत वाटलं. मला त्या क्षणी हायसं वाटलं.

पहिली मोजणी आणि पहिली चूक

जानेवारी २०१८ मध्ये आम्ही निघालो. दादा, गटशिक्षणाधिकारी, मी आणि त्या त्या वाडीतली माणसं. दादांनी एक पद्धत ठरवली. अंतर मोठ्या माणसाच्या चालीनं मोजायचं नाही. वाडीतली पहिली-दुसरीतली मुलगी पुढे, दप्तर तिच्या पाठीवर, आणि आम्ही तिच्या मागून. फोनवर अंतर, घड्याळात वेळ. तिला वाटेत बोरं वेचावीशी वाटली तर वेचू द्यायची.

हिवाळ्यात वाट सुरेख होती. ओढे आटलेले, गवत वाळलेलं. तीन शाळांच्या बाबतीत अंतर १ किलोमीटरच्या आत भरलं, चाल वीस-पंचवीस मिनिटांची. एका वाडीत उंबऱ्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, “आता काय मोजतायसा लेकरांनो? आखाडात या की.” आम्ही हसलो, त्यांनी दिलेला चहा घेतला आणि पुढे गेलो. त्या तीन शाळांच्या समायोजनाला दादांनी हरकत घेतली नाही. महिन्याभरात त्या बंद झाल्या.

त्या आजींच्या बोलण्यात सगळं होतं. माणूस ज्या वाटेवर साठ वर्षं चालला त्या वाटेबद्दल बोलतो तेव्हा थांबून ऐकायचं असतं. आम्ही थांबलो नाही आणि त्याची किंमत दोन मुलींनी मोजली, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरी मोजणी

उरलेल्या अकरा शाळांचं समायोजन नव्या शैक्षणिक वर्षापर्यंत पुढे ढकलायला दादांनी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पत्र दिलं आणि ते मान्य झालं. १५ जूनला शाळा उघडल्या. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपूरला होतं, जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून, म्हणून दादांनी जूनच्या शेवटी वेळ काढला. आषाढ लागायला अजून अवकाश होता, पण घाटावर पाऊस चांगलाच धरला होता.

त्याच वाटा ओळखू येईनात. जानेवारीत आम्ही चपला न काढता ओलांडलेला ओढा आता दोरी धरून ओलांडावा लागत होता, तोही मोठ्यांनी. मुलं वरच्या अंगानं, जिथे पात्र अरुंद आहे तिथून जायची. एक किलोमीटरची वाट तीनच्या वर गेली आणि चाल तासाच्या वर. फुगवट्याकाठच्या एका वाडीची तर वाटच पाण्याखाली. सड्यावरून शेवाळलेल्या कातळावर मुलं बसून घसरत उतरायची, आणि चड्डी चिखलानं भरते म्हणून दप्तरात दुसरी चड्डी ठेवायची. ती दुसरी चड्डी एका मुलानं दादांना काढून दाखवली. त्यानंतर परतीच्या वाटेवर दादा कुणाशीच बोलले नाहीत.

या फेरीत आम्ही आधी बंद केलेल्या तीन शाळांच्या वाटाही पाहिल्या. दोन ठीक होत्या. तिसरी, आजींच्या वाडीची, तुटली होती. पाच मुलांपैकी तिघं नातेवाइकांकडे राहायला गेली होती. दोघी सख्ख्या बहिणी घरी होत्या. थोरली धाकटीला सांभाळत होती आणि म्हशींमागे जात होती.

सभागृहाचा उपयोग

आमदारानं प्रश्न विचारला की काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. मला दिसलं, कारण त्या साखळीचं शेवटचं टोक मी होतो.

दादांनी नागपूरला लक्षवेधी सूचना दिली. अधिवेशनात अशा सूचना ढिगानं येतात, सभागृहात चर्चेला येतात त्या थोड्या. दादांची आली नाही. त्यांच्या जवळच्यांना वाटलं, फुकट गेलं. पण सूचना दाखल झाली की विभागाला उत्तराची तयारी ठेवावी लागते. मंत्रालयातल्या कार्यासनातून पुण्याला संचालनालयाकडे, तिथून जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि रात्री साडेनऊला मला फोन, “उद्या दुपारपर्यंत माहिती द्या.” नेहमी अशी माहिती आदल्या वर्षीच्या कागदावरून उतरवली जाते. या वेळी तसं करता येत नव्हतं, कारण सूचनेच्या मजकुरात दादांनी रकानेच घालून दिले होते. उन्हाळ्यातली वाट किती, पावसाळ्यातली किती, वाटेत ओढे किती, त्यांवर साकव म्हणजे छोटा पादचारी पूल आहे का, मूल घरून किती वाजता निघतं आणि शाळेत किती वाजता पोचतं.

तोपर्यंत सरकारी कागदावर ‘पावसाळ्यातलं अंतर’ असा रकाना आमच्याकडे नव्हता. त्या रात्री तो तयार झाला. आमची मोजणी हाताशी होती, ती मी भरली. माहिती जिल्हा परिषदेच्या शिक्क्यानिशी मंत्रालयात गेली आणि एकदा गेल्यावर यादीतला जुना आकडा कुणाला पुन्हा पुढे करता येईना. आपल्याच शिक्क्याच्या कागदाला अधिकारी बांधला जातो. मोठं भाषण करून जे झालं नसतं ते एका बिनचर्चेच्या सूचनेनं झालं.

पुढच्या अधिवेशनात त्यांनी हाच विषय प्रश्न म्हणून पुन्हा दिला. पुन्हा माहिती मागवली गेली, पुन्हा तेच आकडे गेले. मग दादांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना सुचवलं की ही माहिती एका नोंदवहीत उतरवा, प्रत्येक वाडीच्या नोंदीवर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाची, ग्रामसेवकाची आणि वाडीतल्या एका आईची सही घ्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. कायद्यानं या समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, पण आमच्याकडे बहुतेक समित्या सहीपुरत्या. वाटेच्या नोंदीवर सही करताना मात्र बायका भांडल्या. “एवढा वेळ लागत नाही”, “लागतो, तुमची पोरगी मोठी आहे” असं. त्या दिवशी मला समितीचा अर्थ कळला.

साकव की खोली

शेवटच्या वर्षाच्या निधीचा प्रश्न आला तेव्हा मागण्या खोल्या, कमानी आणि सभामंडपांच्या होत्या. दादांनी दोन साकव धरले. साकव आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्याइतकाच मोलाचा. तिसऱ्या साकवासाठी त्यांनी जिल्हा नियोजन समितीकडे मागणी लावली.

जवळच्या माणसांनी त्यांना परोपरीनं समजावलं. निवडणुकीचं वर्ष, खोलीवर पाटी लागते, साकव रानात. त्यात शिक्षणावर खर्च केला असंही दाखवता येत नाही, हिशेबात तो रस्ते-पुलांत जातो. दादांनी नोंदवही पुढे ठेवली. तिच्यानुसार एका ओढ्यावर साकव झाला तर दोन वाड्यांची मुलं एकाच शाळेत येऊ शकत होती. एकीकडे नऊ, दुसरीकडे दहा, दोन्हीकडे एकेक शिक्षक. एकत्र आल्यावर एकोणीस मुलं आणि दोन शिक्षक. समायोजन जसं व्हायला हवं ते हेच.

१० मार्च २०१९ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. कार्यारंभ आदेश फेब्रुवारीतच निघाले होते म्हणून कामं अडली नाहीत. जूनच्या आधी दोन्ही साकव उभे राहिले. तिसरा झाला नाही.

शिक्षकांच्या बाबतीतही एक निर्णय त्यांनी घेतला, थोडक्यात सांगतो. २०१८ पासून जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या, अवघड आणि सोपं क्षेत्र ठरलं. पण कामगिरीवर पाठवण्याचे आदेश स्थानिक पातळीवर निघत राहिले, म्हणजे नेमणूक डोंगरात आणि काम तालुक्याच्या गावी. त्यासाठी आमदाराचं शिफारसपत्र चालायचं. दादांनी डोंगरातल्या शाळेतून खाली येण्यासाठी एकही पत्र द्यायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. यामुळे दुखावलेली माणसं बरीच होती. त्यांच्यात आजारी आई-वडील असलेले, खरोखर अडलेले शिक्षकही होते. सरसकट नकार मला तेव्हा पटला नव्हता, आजही पूर्ण पटत नाही.

काय निष्पन्न झालं

चौदापैकी सहा शाळा अखेर बंद झाल्या आणि आठ सुरू राहिल्या. सहापैकी दोन पहिल्या फेरीत गेलेल्या, ज्यांच्या वाटा ठीक निघाल्या. चार पुढे पालकांच्या संमतीनं, एक पावसाळा मुलांना नव्या शाळेत पाठवून पाहिल्यावर. त्या चारांतल्या दोन ठिकाणी साकवानं काम केलं आणि मुलं आजही नीट जातात. उरलेल्या दोन ठिकाणी गाडी होती. भत्ता नेहमीप्रमाणे उशिरा आला, दिवाळीनंतर वडापवाल्यानं येणं थांबवलं. दादांनी दोन महिने स्वतःच्या खिशातून पैसे दिले. त्यांचा चांगुलपणा होता, पण व्यवस्था उभी राहिली नाही. ते थांबले तेव्हा गाडीही थांबली.

आजींच्या वाडीची शाळा जून २०१९ मध्ये पुन्हा उघडली. शाळा बंद करायला एक आदेश पुरला होता. उघडायला यू-डायस म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक पुन्हा सुरू करणं, पद मंजूर करून घेणं, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेत शाळा दिसणं, या सगळ्यात वर्ष गेलं. धाकटी मुलगी परत आली. थोरली आली नाही. मी तीनदा घरी गेलो. ती माझ्याशी नीट बोलायची, चहा करायची, पण शाळेचं नाव काढलं की गोठ्यात निघून जायची.

ऑक्टोबर २०१९ च्या निवडणुकीत दादा पडले. शाळांमुळे पडले असं म्हणणं खरं होणार नाही, कारणं पुष्कळ होती. साकवाच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांतली मतं एकत्र केली तरी एका मोठ्या गावाच्या वॉर्डाइतकी नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट उघड आहे. जानेवारीच्या मोजणीवर तीन शाळा सोडून द्यायला नको होत्या. सहा महिने थांबण्यानं काही बिघडणार नव्हतं. दादांना घाई होती ती ‘मी आडमुठा नाही, जिथे योग्य तिथे सहकार्य करतो’ हे वर दाखवण्याची, आणि मला घाई होती फाईल मोकळी करण्याची.

दुसरी गोष्ट दादांच्या लक्षात उशिरा आली. प्राथमिक शाळा आमदाराच्या नसतात, जिल्हा परिषदेच्या असतात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून गावातल्या शाळेची जबाबदारी तिच्याकडे आहे. आमच्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समितीचे सभापती दुसऱ्या पक्षाचे होते. दादांनी त्यांना एकाही मोजणीला बोलावलं नाही. सभापती मला एकदा म्हणाले, “गुरुजी, आमच्या शाळा, आणि आम्हालाच वर्तमानपत्रातून कळतं?” त्यांचं खरं होतं. तिसरा साकव नियोजन समितीत रखडला त्यात या दुखावलेपणाचा हात होता. त्यांना त्या पावसात एकदा सोबत घेतलं असतं, ती दुसरी चड्डी त्यांनाही बघू दिली असती, तर पक्ष आडवा आला असता असं मला वाटत नाही. सभापतींचं गावही सड्याखालचंच.

गाड्यांच्या बाबतीत, खिशातून पैसे देण्याऐवजी तोच जोर भत्ता सत्राच्या सुरुवातीला मिळावा या मागणीवर लावायला हवा होता. ज्या माणसानं एका रकान्यासाठी दोन अधिवेशनं पाठपुरावा केला त्याला हे जमलं असतं.

आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, यादी वर पाठवताना अंतराच्या आकड्यापुढे ‘पावसाळ्यात वाट बंद’ एवढे तीन शब्द मी लिहायला हवे होते. मला कुणी अडवलं नव्हतं.

२०२३ मध्ये

मी २०२१ ला निवृत्त झालो. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून त्यांची समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवणारं पत्र शिक्षण आयुक्तालयातून निघालं. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचे नमुने त्यात समोर ठेवले होते. राज्यभर विरोध झाला, सभा झाल्या. आमच्या आठही शाळा पुन्हा यादीच्या टप्प्यात आल्या.

नव्या गटशिक्षणाधिकारी बाईंचा मला फोन आला. “सर, पावसाळ्याच्या अंतराची कसलीतरी वही होती म्हणतात.” गट साधन केंद्राच्या कपाटात ती सापडली नाही. ग्रामपंचायतीतली प्रत सापडली, पानांना कसर लागलेली पण सह्या शाबूत. बाईंनी ती जशीच्या तशी जोडली नाही. पाऊस अजून होता, त्या स्वतः वाटा चालून आल्या आणि नवे आकडे जुन्यांखाली लिहिले. पाच शाळांच्या बाबतीत ‘पावसाळ्यात समायोजन शक्य नाही’ असा अभिप्राय पुराव्यासह गेला. तीन ठिकाणी त्यांनी साकव सुचवला, त्यातला एक दादांच्या काळात रखडलेलाच.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी आम्हाला सुचली नव्हती. बंद झालेल्या सहा शाळांच्या वाड्याही त्यांनी वहीत घेतल्या, आणि तिथल्या मुलांसमोर ‘आज शाळेत कसं जातं’ असा नवा रकाना आखला. गाडी बंद पडलेल्या दोन वाड्यांतली चार मुलं त्या रकान्यात ‘जात नाही’ अशी निघाली. दादांना मी हे फोनवर सांगितलं. त्यांनी चारही मुलांची नावं लिहून घेतली आणि सभापतींचा आताचा नंबर माझ्याकडे आहे का, असं विचारलं.